अनुसयाबाईची सही

२८ एप्रिल

कॉलेजात सांगून ठेवलं होतं की उन्हाळी इंटर्नशिप डोंगरातल्या गावात आहे. पोरींना वाटलं महाबळेश्वर. खरं म्हणजे पुण्याच्या तीन ऑफिसांनी नाही म्हटलं, चौथ्यानं उत्तरच दिलं नाही, आणि मग पप्पांनी त्यांच्या ओळखीच्या तातेराव वकिलांना फोन लावला. तालुक्याचं कोर्ट, हिंगोलीच्या पुढं तासभर. डोंगर आहेत, पण बोडके. काळे दगड, वाळलेला साग आणि ऊन. बसमधून उतरले तेव्हा स्टँडवर एक गाढव सोडून कुणी माझ्याकडं पाहिलं नाही.

राहायला नर्मदामावशीकडं. आईची मावसबहीण. कूलर आहे, लाइट नाही.

कॉलेजनं छापील इंटर्नशिप डायरी दिली आहे. तिच्या शेवटच्या पानावर एक रकाना: ‘समाजासाठी केलेले विशेष कार्य’. ती डायरी सर तपासणार. ही वही माझी. हिच्यात खरं लिहायचं, एवढंच ठरवलंय.

३० एप्रिल

ऑफिस म्हणजे एक खोली, दोन कपाटं, एक पंखा. तातेराव वकील साठीचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कागद नाकाला लावून वाचतात. त्यांचे मुन्शी वैजनाथकाका, तीस वर्षं त्यांचे कागद टाइप करतात, तारखा सांभाळतात. मला आल्या आल्या ‘मॅडम’ म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, छान वाटलं. लपवत नाही.

दाराजवळच्या भिंतीवर हातभर जागा निळी-जांभळी झालीय. मला वाटलं रंग सांडला. काका म्हणाले, अंगठा लावला की लोक तिथंच पुसतात. किती वर्षांचे अंगठे असतील देव जाणे.

पहिली फाइल दिली. अनुसयाबाई आडे विरुद्ध तिचा पुतण्या रणजीत. बाई गोरेगावच्या बाजूच्या तांड्यावरची. नवरा पुनमचंद वारल्यावर पुतण्यानं तिला रजिस्ट्रीला नेलं, विहिरीचं काम आहे म्हणून. अंगठा घेतला. कागद निघाला हक्कसोडपत्राचा, म्हणजे साडेतीन एकरांवरचा तिचा हक्क तिनं राजीखुशीनं सोडला. सहा वर्षं झाली त्याला. दोन वर्षांपूर्वी त्यानं तारेचं कुंपण घालायला घेतलं तेव्हा तिला कळलं. घर त्याच शेतात आहे. केस गेली तर घरही गेलं.

वकीलसाहेब म्हणाले, “आपली सगळी केस त्या अंगठ्यावर उभी आहे. बाईला वाचता येत नाही, म्हणून तिला कागद वाचून समजावला होता हे समोरच्यानं दाखवायचं. तिला लिहितावाचता येतं म्हटलं, की सगळं ओझं आपल्या डोक्यावर.”

मी लिहून घेतलं. खरं सांगायचं तर जांभई दाबत.

५ मे

आज अनुसयाबाई आली. साठीच्या आसपास. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेलं. खुर्ची दिली तर बसली नाही, उंबऱ्याला टेकली. मी सारखी तिच्या हाताकडं बघत होते, तर म्हणाली, “काय पाहून राहिली पोरी? आमच्यात गोंदल्याबिगर बाई म्हणत न्हाईत.”

एका अर्जावर अंगठा हवा होता. काकांनी तिचा अंगठा धरला, पॅडवर दाबला, कागदावर डावीउजवीकडं फिरवला, सोडून दिला. एखादा शिक्का असावा तसा. तिनं भिंतीला पुसला आणि विचारलं, “झालं का आता? जाऊ?”

काय लिहिलंय ते तिनं विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. मला जाम राग आला. दिवसभर होता.

९ मे

कोर्टाला सुट्टी लागली. वकीलसाहेब डोळ्याच्या ऑपरेशनला नांदेडला गेले, आधी एक, मग दुसरा. जाताना म्हणाले, अनुसयाबाईचं सरतपासणीचं शपथपत्र टाइप झालंय, सुट्टी संपायच्या आधी तिला वाचून दाखव, अंगठा घे, साक्षीदाराची सही घे आणि ठेव. म्हणजे तिचं म्हणणं कोर्टात त्या कागदानं जाणार आणि मग समोरचा वकील तिला उलटे प्रश्न विचारणार.

अंगठा घे, म्हणे. या काळात.

१३ मे

अनुसयाबाई दर मंगळवारी बाजाराला येते आणि तारीख नसली तरी ऑफिसात डोकावते. कुणी आपला कागद विसरलं तर नाही ना, हे बघायला. आज मी आणि ती दोघीच. मी म्हणाले, तुम्हाला तुमचं नाव लिहायला शिकवू?

ती हसली. पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली. मग म्हणाली, “बँकेत तो पोरगा वरडतो, अंगठेवाल्या बाया बाजूला व्हा. म्या बाजूला व्हते.”

समोरच्या दुकानातून चार रेघी वही आणली. पहिल्या पानावर वर तारीख घातली, शाळेत घालतात तशी, आणि ‘अ’ काढून दिला. तिचा ‘अ’ उताणा पडलेल्या शेळीसारखा आला. दोघी हसलो.

वैजनाथकाका जेवून आले, पाहिलं. मग पान लावता लावता म्हणाले, “मॅडम, सायबांला विचारलं का?” मी म्हणाले, नाव लिहायला परवानगी लागते का? ते म्हणाले, “न्हाई, तसं न्हाई.” आणि पान तोंडात टाकलं.

त्यांना काय वाटतं ते मला कळतं. पण कायदा मलाही कळतो. अंगठा सहा वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा तिला येत नव्हतं. आज आलं म्हणून तेव्हाचं थोडंच बदलतं?

२० मे

आता ती मंगळवारची वाट बघत नाही. आठवड्यात तीनदा आली, जीपनं. मी तिला याडी म्हणायला लागले. त्यांच्याकडं आईला म्हणतात. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिनं वर बघितलंच नाही, अक्षर गिरवत राहिली, पण तिचे कान लाल झाले.

‘सया’ जमलं. ‘नु’चा उकार उलटा जातो. तिनं मला विचारलं, “तुला ते अक्षर पाहिलं की लगेच कळतं, का मनात मोजावं लागतं?” मी म्हणाले, लगेच कळतं. ती म्हणाली, “लई बरं.”

तिला वाचता येत नाही अजून. नावाची अक्षरं दुसऱ्या शब्दात आली तर ओळखत नाही. पण नाव मात्र एकटाकी लिहिते, अनुसयाबाई पुनमचंद आडे. नवऱ्याचं नाव लिहिताना थांबते. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि मी तिला ते लिहायला लावलं. म्हणाली, “तोंडानं घेतलं न्हाई, हातानं चालतंय.”

छापील डायरीतला शेवटचा रकाना भरला. सात ओळी. दोनदा वाचला आणि मलाच माझं कौतुक वाटलं.

२७ मे

आज मजा झाली. चहाच्या टपरीपाशी रणजीत भेटला. तोच पुतण्या. मला वाटलं होतं मिशा पिळणारा कुणीतरी असेल. हा साधा, पांढरा शर्ट, खाली वाकून काकीच्या पाया पडला. “काकी, उन्हाचं कशाला येता, म्या आणून सोडलं असतं.” याडीच्या काखेत वही होती, त्यानं विचारलं काय आहे. मीच सांगितलं. याडी म्हणाली, “दावू का?” आणि टपरीच्या फळीवर वही ठेवून सही करून दाखवली.

तो म्हणाला, “वा काकी. शिकल्या तुमी.” मोबाइलवर फोटो काढला तिचा, सही करताना. घरी बायकोला दाखवतो म्हणाला. चहाही त्यानंच पाजला.

माणसं वाईट नसतात, जमीन वाईट असते. हे वाक्य मी उगाच लिहिलंय, पण राहू दे.

३ जून

शपथपत्राचं काम केलं. मी वाचून दाखवलं, सगळं, पाच पानं. ‘मी निरक्षर असून मला लिहिता-वाचता येत नाही’ हे वाक्य आलं तेव्हा ती म्हणाली, “हे खोडायचं का?” मी म्हणाले, तेव्हाचं आहे हो, सहा वर्षांपूर्वीचं. खरं तर वाक्यात ‘आहे’ लिहिलंय. टाइप पुन्हा करायचा तर लाइट नव्हती.

काकांनी पॅड पुढं सरकवलं. याडीनं ते मागं सरकवलं. माझ्याकडं बघितलं. मी पेन दिला.

काका म्हणाले, “मॅडम, सायबांनी अंगठा सांगितला होता बराबर.” मी म्हणाले, काका, सहीला अंगठ्यापेक्षा कमी किंमत असते का? ते म्हणाले, “मला काय कळतंय, सायब बघतील.” अंगठा असला की खाली ‘वाचून दाखवले, समजले’ असं लिहून साक्षीदाराची सही घेतात. सही आहे म्हटल्यावर ते लिहायची गरजच नव्हती. कागद किती स्वच्छ दिसला.

तिनं पाचही पानांवर सही केली. मग हात बघितला आणि म्हणाली, “भित्तीला पुसायला काईच न्हाई आज.”

१० जून

कोर्ट उघडलं. साहेब काळा चष्मा लावून आले, डॉक्टरांनी वाचायला मनाई केलीय. काका बोट ठेवतील तिथं सह्या केल्या, वीसेक कागदांवर. त्यात आमचाही. त्याच दिवशी दाखल झाला.

१८ जून

लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

उलटतपासणी आज झाली. याडी धुतलेलं लुगडं नेसून आली होती. रणजीत मागच्या बाकावर, मी त्याच्या पुढच्या बाकावर, साहेब टेबलाशी. समोरच्या वकिलानं पहिलाच प्रश्न विचारला.

“बाई, हे शपथपत्र तुमचं?”

“व्हय.”

“खाली सही कुणाची?”

“माझी. माझ्याच हातची.” आणि कुणी विचारलं नसताना, “काढून दावू का?”

कोर्टात दोघं-तिघं हसले. जजसाहेबांनी कोरा कागद द्यायला सांगितलं. तिनं कठड्यावर कागद ठेवला, ओठ दुमडले आणि पूर्ण नाव लिहिलं. उकारसुद्धा बरोबर. वर बघितलं तेव्हा तिचा चेहरा मी विसरणार नाही, इतकी खूश होती. आमच्या साहेबांनी काळा चष्मा काढला. ते शपथपत्राकडं बघत होते. तेव्हा, त्या क्षणी, मला कळलं.

“इथं लिहिलंय, मला लिहिता-वाचता येत नाही. मग हे खोटं लिहिलं?”

तिनं पेन कठड्यावर ठेवला.

“टपरीवर बसून सह्या करता, फोटो आहे माझ्याकडं. सही करायला कुणी शिकवलं? नाव सांगा. कोर्ट लिहून घेईल.”

तिनं माझ्याकडं बघितलं. लगेच नजर काढून घेतली.

“कोणी न्हाई.”

“मग कधीपासून येते?”

“पयल्यापासून.”

“सहा वर्षांपूर्वी येत होती?”

“व्हय.”

साहेब उठले. त्यांनी फेरतपासणीत तेच विचारलं, आवाज चढवून, बाई नीट आठवा, सही कधी शिकलात, यंदाच ना? जजसाहेब म्हणाले, उत्तर सुचवू नका. याडी साहेबांकडं बघत म्हणाली, “न्हाई सायब. पयल्यापासून येती.”

माझ्यात आणि साहेबांच्यात दोन बाकांचं अंतर होतं. चिठ्ठी देता आली असती. पेन हातात होता. मी बसून राहिले.

मग तिचा जबाब छापून आला आणि खाली तिची सही घेतली. तिनं केली. सुंदर केली.

बाहेर लिंबाखाली मी तिला गाठलं. असं का म्हणालात, याडी? ती म्हणाली, “कागदात नाव गेलं की माणूस जातंय पोरी. म्या पाहिलंय. तुझं कशाला घालू?”

१९ जून

साहेबांना सगळं सांगितलं. उभ्यानं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, “वही आहे? तारखा आहेत तिच्यावर?”

“आहेत. माझ्या अक्षरात.”

“मग तू साक्षीला ये. मी अर्ज करतो. बाईचं बोलणं मागं घेता येणार नाही, पण मे महिन्यात तूच तिला शिकवलं हे वहीसकट आलं, तर ती का तसं बोलली तेही कोर्टाला दिसेल. एवढाच रस्ता आहे.” मग म्हणाले, “घरी विचार. तुला उलटतपासणीत सोलतील. निरक्षर म्हणून लिहिलेल्या कागदावर सही तूच घेतलीस, हे तुझ्या तोंडून काढतील.”

२१ जून

पप्पांना फोनवर सगळं सांगितलं. ते एकदम मास्तरांच्या आवाजात: “वकिलीची सनद मिळायच्या आधी कोर्टात तुझं नाव? वकिलाच्या ऑफिसातल्या पोरीनं खोट्या मजकुराखाली सही घेतली, असं लिहिलं जाईल. जन्मभर चिकटेल. तू काय मुद्दाम केलंस का? नाही ना? मग. सामान बांध.”

मी म्हणाले, तिचं घर जाईल पप्पा. ते म्हणाले, “तुझं काय जाईल ते बघ आधी.”

मला राग यायला पाहिजे होता. मला सुटल्यासारखं वाटलं. ही वही खरं लिहायची म्हणून घेतली होती, म्हणून लिहिलं.

आणि दुसरं म्हणजे, ही वहीसुद्धा पुरावाच आहे. १३ मे, २० मे, २७ मे. चाळून बघितलं. सगळं आहे हिच्यात.

२४ जून

साहेबांना सांगितलं की मला जमणार नाही. का, ते त्यांनी विचारलं नाही. “बरं,” म्हणाले. मग म्हणाले, “चूक माझीच. सही करायच्या आधी काकाला वाचायला लावायला पाहिजे होतं.” काका टाइप करत होते ते थांबले, माझ्याकडं न बघता पुन्हा टाइप करायला लागले. त्यांनी आता मला मॅडम म्हणणं सोडलंय. आरोही म्हणतात.

सर्टिफिकेट साहेबांनी स्वतः सांगून टाइप करून घेतलं. ‘कामात तत्पर आणि प्रामाणिक.’ मी ते घेतलं.

२७ जून

शेवटचा दिवस. बॅग घेऊन स्टँडवर आले तर याडी तिथं बसलेली, सकाळपासून. कुणी सांगितलं कोण जाणे. तिनं पदराखालून फडक्यात बांधलेली वही काढली.

“ही घे. तुझ्या हातचं हाय हिच्यात. माझ्या घरात ऱ्हायली आन् रणजीतच्या हाती लागली तर तुला तकलीफ.”

हीच वही तुमचं शेत वाचवू शकते, एवढंच वाक्य होतं. तोंडापर्यंत आलं होतं, देवाशपथ. मी म्हणाले, “तुम्हाला परत जायला जीप मिळेल ना?”

“मिळती की,” ती म्हणाली. “पोहचली की फोन कर वैजनाथला.”

बस लागली. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली, दृष्ट काढतात तशी. तिच्या अंगठ्यावर शाई नव्हती. मला ते दिसायला नको होतं.

११ ऑगस्ट, नांदेड

छापील डायरी परत मिळाली. शेवटच्या रकान्याखाली सरांचा लाल शेरा: ‘स्तुत्य उपक्रम. इतरांनी आदर्श घ्यावा.’ वर्गात वाचून दाखवला. टाळ्या वाजल्या.

चार रेघी वही माझ्या पेटीत आहे, हिवाळ्याच्या स्वेटरखाली. दोनदा काढली. कुरिअरच्या दुकानापर्यंत एकदा गेलेही. दुकान उघडं होतं.

१२ नोव्हेंबर, नांदेड

वैजनाथकाकांचा फोन आला. मी कधी केला नव्हता, त्यांनीच केला. दावा फेटाळला. निकालात लिहिलंय की वादी साक्षर आहे, सही सफाईदार आहे, आणि सहा वर्षांपूर्वीही तिला लिहिता येत होतं असं ती स्वतःच शपथेवर सांगते. रणजीतनं कुंपण पूर्ण केलं. घराचा दरवाजा कुंपणाच्या आत आलाय, म्हणून ती सध्या पुसेगावला बहिणीकडं आहे.

साहेब अपील करणार आहेत. पैसे घेणार नाहीत म्हणाले. त्यासाठी काल तिला बोलावलं होतं.

काका सांगत होते, “वकालतनाम्यावर म्या पेन दिला तिला. तिनं पॅड मागितलं. म्हणलं, बाई, आता तर सही येती की तुमाला. तर म्हणली, इसरले.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“अंगठा लावला, भित्तीला पुसला आन् गेली. जाता जाता तुझी खुशाली इचारली. म्हणलं, बरी हाय. बरी हाईस ना?”

मी हो म्हणाले. काकांनी फोन ठेवला. वही पेटीतच आहे.